त्रास नसणं ही नीतिमान असल्याची खूण आहे का? मुलीला काय सांगू?

सिन्नर फाटा

सगळ्या ख्रिस्ती भावाबहिणींना सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकरोडला राहतो. माझे मिस्टर सातपूरला कंपनीत मशीनवर होते. तीन वर्षांपूर्वी बीपीमुळे दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, चार-चार तास. सरकारी योजनेतून होतं म्हणून चाललंय. डाव्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) केलाय, त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरतंय असं लागतं. दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. मे-जून बरे जातात, बाकी ओढाताण.

गेल्या शुक्रवारी जेलरोडला एका घरी प्रार्थना होती. एका बहिणीने साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगितलं. गंगापूर रोडला नवा फ्लॅट झाला, मुलगा कॅनडाला गेला, सात वर्षांत घरात दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. मीही सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं, मनापासून म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "नीतिमानाच्या घरी देव असंच करतो." तिथेही मी गप्पच राहिले. पण चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. घरात काही कबूल करायचं राहिलंय का बघा. देव उगाच हात उगारत नाही."

माझी मुलगी कपांचा ट्रे घेऊन मागेच उभी होती. नववीत आहे.

रात्री मी शिलाई मशीनवर बसले होते. ती जवळ येऊन म्हणाली, "मम्मी, पप्पांनी काय केलं होतं?" मी म्हटलं, काही नाही केलं. ती म्हणाली, "मग त्या आँटी चुकीचं बोलल्या का? त्यांनी तर बायबल उघडून दाखवलं."

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर तीन वर्षं मी स्वतःलाच हे विचारतेय, आवाज न काढता. लग्नाआधीचं, नंतरचं, सासरच्या भांडणातलं, सगळं उकरून झालं. मिस्टरही करत असतील. डायलिसिसहून आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, तेव्हा मला तेच वाटतं.

ज्याचं सुरळीत चाललंय तो देवाला आवडलेला, आणि ज्याचं बिघडलं त्याच्यात काहीतरी खोट, असं आपली शिकवण खरंच सांगते का? मला धीर देण्यासाठी काही लिहू नका. खरं काय ते सांगा, आणि नववीतल्या मुलीला कळेल असं.

ज्योत

ताई, तुमच्या घरासाठी आज प्रार्थना केली. त्या बहिणीने चहाच्या वेळी असं बोलायला नको होतं. पण वचन ते वचन. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्याला नगरात आशीर्वाद, शेतात आशीर्वाद, टोपलीला आशीर्वाद, आणि न पाळणाऱ्याला शाप असं स्पष्ट लिहिलंय. पहिलं स्तोत्र म्हणतं, नीतिमान माणूस पाण्याच्या कडेला लावलेल्या झाडासारखा असतो, तो जे करतो ते तडीस जातं. मलाखी 3:10 मध्ये देव स्वतः म्हणतो, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणा आणि माझी परीक्षा घ्या. आमच्या घरात दशांश सुरू केला आणि चार वर्षांचं कर्ज दीड वर्षात फिटलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नाही कसं म्हणू? आपलं आयुष्य तपासण्यात तोटा तर काही नाही ना?

देवळाली कॅम्प

ही शिकवण आपल्याकडे आली कुठून तेवढं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांची लाट आली आणि तिच्यातून हे वाढलं. तिथले प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी "बीज पेरा, देव पीक देईल" असं देणगीबाबत शिकवलं. आपल्या आजी-आजोबांच्या मंडळीत हे नव्हतं. 2010 मध्ये केपटाऊनला जगभरातले हजारो इव्हँजेलिकल (बायबललाच प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) पुढारी जमले होते. त्यांच्या निवेदनात, विश्वासाच्या बदल्यात पैसा आणि तब्येत मिळतेच असं सांगणारी शिकवण पवित्र शास्त्राचा विपर्यास करते, असं म्हटलंय. म्हणजे आक्षेप बाहेरच्यांचा नाही, घरातलाच आहे.

उगाव शिवार

ज्योत भाऊ, तुम्ही मलाखी 3:10 सांगितलं. त्याच्या पुढचं वचन मी एकदा वापरलंय, म्हणून मला लिहावंच लागतंय. ताई, थोडं लांबेल.

आमची निफाड तालुक्यात अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. 2014 च्या मार्चमधली गारपीट नाशिक जिल्ह्यातला एकही शेतकरी विसरलेला नाही. माल काढणीला आलेला. माझ्या आणि चुलतभावाच्या बागेत फक्त एक बांध. गारा पट्ट्याने पडतात. पट्टा त्याच्याकडून गेला. घड खाली, पानांची चाळण, काडीची साल सोलून निघालेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बागेत उभं राहवत नव्हतं इतका आंबूस वास सुटला होता. माझ्या बांधाकडच्या दोन ओळी गेल्या, बाकी बाग जशीच्या तशी. आठ दिवसांनी व्यापारी आला आणि किलोमागे चढा भाव देऊन माल घेऊन गेला. भाव चढला कारण आजूबाजूचा माल संपला होता. त्या आजूबाजूच्यांत माझा भाऊ होता. हा हिशेब त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

पुढच्या रविवारी मी उपासनेत साक्षीला उभा राहिलो. मलाखी 3:11 काढलं. देव खाऊन टाकणाऱ्याला धमकावील आणि तुमच्या शेतातली द्राक्षवेल अकाली फळ गाळणार नाही, असं त्यात आहे. द्राक्षवाल्याला यापेक्षा जवळचं वचन कोणतं? म्हटलं, मी दशांश चुकवला नाही, म्हणून देवाने बांधावर रेघ ओढली. मंडळी आमेन म्हणाली. चुलतभाऊ चौथ्या बाकावर बायको-मुलांसकट बसला होता.

तो दशांश माझ्या आधीपासून द्यायचा. हे मला पक्कं माहीत होतं, कारण मी मंडळीचा खजिनदार होतो आणि पावतीपुस्तकावर सही माझीच असायची.

तो मला काही बोलला नाही. हळूहळू शेवटच्या बाकावर बसायला लागला. सोसायटीचं कर्ज थकलं, दोन वर्षांनी त्याने बाग मुळासकट काढली, लोखंडी अँगल आणि तारा विकल्या. आता तिथे सोयाबीन आणि कांदा असतो.

26 नोव्हेंबर 2023. रविवार होता. उपासनेहून येऊन जेवलो. दुपारनंतर आभाळ असं उतरलं की घरात दिवे लावावे लागले. ऑक्टोबर छाटणीला पन्नास दिवस होत आलेले, मणी ज्वारीएवढे, डिपिंग (घड औषधात बुडवणं) नुकतंच झालेलं. एकरी तीन लाखांच्या वर आत गेलेले होते. वीसेक मिनिटं गार पडली. पत्र्याच्या आवाजात बायको काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं, फक्त तोंड हलताना दिसत होतं.

संध्याकाळी बांध ओलांडून तो आला. गमबूट, हातात बॅटरी. माझ्यामागे अख्ख्या बागेत फिरला. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन हजर, कारण गारेच्या जखमांवर लगेच बुरशीनाशक गेलं नाही तर उरलेली काडीही हातची जाते. दिवसभर त्याने फवारणी केली. मला मलाखी ऐकवायचा हक्क कोणाला असेल तर त्याला होता. त्याने ऐकवला नाही.

मी नंतर खूप विचार केला. माझा दशांश तोच होता. मी तोच होतो. बिघडलो असेन तर 2014 च्या साक्षीने बिघडलो असेन, पण तेव्हा तर मला चढा भाव मिळाला होता. मत्तय 5:45 लहानपणापासून पाठ होतं, देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. मी ते नेहमी इशारा असल्यासारखं वाचायचो. आमच्या पाळकांनी समजावलं की येशूच्या देशात अख्खा उन्हाळा कोरडा जातो, म्हणून आगोटीचा आणि वळवाचा पाऊस हे तिथलं मोठं वरदान. येशू तिथे शत्रूवर प्रीती करायला सांगतोय आणि म्हणतोय की बापाकडे बघा, तो चांगली गोष्ट वाईट माणसालाही देतो. म्हणजे कोणाच्या शेतावर पाऊस पडला यावरून माणसाची पारख करू नका. माझ्या बागेला नोव्हेंबरातला पाऊस घात करतो आणि नुसता पाऊस आला तर शेजारच्या हरभऱ्याला तोच उपयोगी पडतो. एकाच ढगाचे असे दोन निकाल कसे वाचायचे?

देवाचे आभार मानू नयेत असं मी म्हणत नाही. मी रोज मानतो. ज्योत भाऊ, तुमचं कर्ज फिटलं त्याचाही मला आनंद आहे. पण मी त्या दिवशी आभार मानून थांबलो नाही. मी का वाचलो त्याचं कारण माझ्यात शोधलं आणि ते चारचौघांत सांगितलं. माझं ते कारण चौथ्या बाकावर बसलेल्यावर आरोप होऊन पडलं. जेलरोडच्या बहिणीने ताईंना बाजूला घेऊन जे म्हटलं, ते मी माइकवरून म्हटलं होतं.

2024 मध्ये उपकारस्तुतीच्या रविवारी मी उभं राहून ती साक्ष मागे घेतली, भावाचं नाव घेऊन त्याची माफी मागितली. दहा वर्षं उशीर झाला होता. खजिनदारपद त्याआधीच सोडलं होतं.

हल्ली बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलींना फळ नाही, जैतुनाचं पीक फसलं, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं एकेक मोजून तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्याने आधी नुकसान पूर्ण मोजलंय, झाकलं नाही. तो "तरी" मला अजून रोज म्हणता येत नाही. काही दिवशी येतो.

ताई, मुलीला सांगा, त्या आँटींसारखंच बोलणारा एक माणूस मी होतो. मीही बायबल उघडूनच बोललो होतो आणि मी चुकलो होतो. बाग पुन्हा उभी आहे, मार्चला माल निघेल. मेसेजमध्ये पत्ता कळवा, द्राक्षं आणि घरचा बेदाणा पाठवतो.

शरणपूरच्या टीचर

मी निवृत्त शिक्षिका आहे, शब्बाथशाळा (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) अजून घेते. बेटा, तुझ्या मुलीने जे विचारलं तेच शिष्यांनी येशूला विचारलं होतं. योहान 9 उघड. जन्मांध माणूस समोर आहे आणि हे विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू म्हणतो, यानेही नाही, आईबापानेही नाही. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, त्याबद्दलही तो विचारतो, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही म्हणतो. हे दोन उतारे मुलीला स्वतः वाचू दे. त्या आँटींनी बायबल उघडून दाखवलं ना, मग हिनेही उघडावं.

ज्योत, बाळा, अनुवाद 28 इस्राएल राष्ट्राला, वचनदत्त देशात शिरण्याच्या उंबरठ्यावर सांगितलंय. एका घरातल्या एका माणसाची किडनी का गेली याचं निदान त्यातून काढता येत नाही. पहिलं स्तोत्र खरं आहे, पण त्याच पुस्तकात त्र्याहत्तरावं आहे. त्यात आसाफ म्हणतो, दुष्टांचं भलं चाललेलं पाहून माझे पाय घसरायला आले, त्यांना यातना नाहीत, अंगं धष्टपुष्ट, आणि मी मात्र रोज मार खातोय. ही दोन्ही स्तोत्रं आपण त्याच चर्चमध्ये गातो. आणि प्रेषित पौल? पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं, वर शरीरात सलणारा एक काटा. देवाला तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. त्याला मिळालेलं उत्तर होतं, माझी कृपा तुला पुरे.

तू विचारलंस, तपासण्यात तोटा काय. प्रभुभोजनाआधी आपण सगळेच स्वतःला तपासतो, धडधाकट माणसंसुद्धा. फक्त आजाऱ्यालाच तपास म्हणून सांगितलं की त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

ईयोबाचं पुस्तक मला फार जवळचं, त्यातली एक गोष्ट लोक वाचूनही सोडून देतात. पहिल्या अध्यायात देव म्हणतो, माझा सेवक ईयोब सात्त्विक आहे. त्यावर सैतान विचारतो, ईयोब देवाला भितो ते फुकट का? तू त्याच्याभोवती कुंपण घातलंस, त्याच्या हाताला यश दिलंस, ते काढून घे मग बघ. सैतानाचा आरोप हाच आहे की माणूस देवाची सेवा मोबदल्यासाठी करतो. नीतिमत्त्वाची मजुरी म्हणजे सुखाचं आयुष्य, असं आपण शिकवलं तर त्याचंच म्हणणं खरं ठरवतो. मला हे शिकवताना दरवेळी भीती वाटते.

आणि त्याचे तीन मित्र. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. नंतर बोलायला लागले, पाप शोधायला लागले. शेवटी देव अलीफजाला म्हणतो, माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकलाय, कारण ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. उगावचे भाऊ, तुमचा चुलतभाऊ बॅटरी घेऊन आला आणि काही बोलला नाही, हे वाचताना मला ते सात दिवस आठवले.

आता शरणपूरचं. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं की ही वस्ती 1854 मध्ये प्राइस नावाच्या मिशनऱ्याने उभी केली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं इथे आणत, शिकवत, सुतारकाम-लोहारकाम हाताला देत. त्यातला एक जेकब वेनराइट. लहानपणी पकडून विकलेला मुलगा. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली. सोबत्यांनी तो मृतदेह महिनोन्महिने पायी चालत किनाऱ्यावर आणला, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा आपल्या नाशिकचा विद्यार्थी होता. शब्बाथशाळेत मी मुलांना विचारते, जेकबला विकलं तेव्हा त्याने कोणतं पाप केलं होतं? इतक्या वर्षांत एकाही मुलाने पाप शोधायला सुरुवात केली नाही. सगळी विचारतात, त्याची आई कुठे गेली.

तुझी मुलगी यायला तयार असेल तर रविवारी सकाळी माझ्या वर्गात पाठव.

ज्योत

टीचर, तुमचं वाचलं. सैतानाचा तो प्रश्न मी कधी या बाजूने पाहिला नव्हता. सगळं पटलं असं लगेच म्हणत नाही, दोन-तीनदा वाचावं लागेल. ताई, "तपासण्यात तोटा काय" हे तुम्हाला लिहायला नको होतं, त्याबद्दल क्षमा करा. उगावचे दादा, तुमच्या भावाने पुन्हा बाग लावली का?

उगाव शिवार

नाही लावली. म्हणतो, आता वय नाही. पण माझ्या बागेची छाटणी तोच करतो, त्याच्या हातासारखी काडी कोणाची राहत नाही. हल्ली आम्ही एकाच बाकावर बसतो.

सिन्नर फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी रात्री दोनदा वाचलं, मग मुलीला मोबाइल दिला. तिने सगळं वाचलं, उगावच्या भाऊंचं वाचून रडली. योहान 9 तिने मोठ्याने वाचून दाखवलं, हे आतल्या खोलीत होते, त्यांना ऐकू जात होतं. आज मंगळवार. सकाळी डायलिसिसला निघताना ते तिला म्हणाले, ते परत वाच गं. ती म्हणाली, संध्याकाळी ईयोब वाचते. तिसऱ्या अध्यायापर्यंत आलीय. विचारते, ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, ते चालतं का? मी म्हटलं, रविवारी टीचरांना विचार.

मी त्या बहिणीकडे जाणार आहे. भांडायला नाही. माझ्या मुलीने ऐकलं होतं, एवढं त्यांना कळायला हवं.

भाऊ, पत्ता मेसेजमध्ये पाठवलाय. बेदाणा मात्र नको, त्यात पोटॅशियम जास्त असतं, यांना अजिबात चालत नाही. द्राक्षं चालतात थोडी. आहारतज्ज्ञ बाईंनी एका वेळी आठ-दहा मणी सांगितलेत.